आमदार दुबईला आले तेव्हा

अरे, तुम्ही आज विमानाने येता! पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट सांगतो. आमचे रत्नागिरीकडचे आमदार दुबईत देऱ्याला आमच्या खोलीवर आले. गावाला जेटी दिली, हायस्कूल दिलं, पण विधानसभेत गाजले ते एकाच भाषणाने: पासपोर्टशिवाय लाँचने आखातात पळणाऱ्यांना तुरुंगात टाका! आणि खोलीतले आम्ही सगळे तसेच आलेलो, खोरफक्कानच्या किनाऱ्याजवळ लाँचवरून समुद्रात उड्या मारून. उडी मारलेले सगळेच काही किनाऱ्याला लागले नव्हते.

"कुठले रे तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

आमच्यातला कासीमभाई चक्क हिंदीत म्हणाला, "कारवार का हूँ." मी म्हटलं, "मंगलोर."

साहेब दाराशीच घुटमळले. "म्हणजे आपल्याकडचं कुणीच नाही? ईदनंतरच्या लाँचने माझा मुलगा युसुफ आलाय. घरी न सांगता. अजून पत्र नाही त्याचं."

ती आमचीच लाँच. कासीमभाईला राहवेना. "साहेब, खोटं बोललो. आम्ही त्याच लाँचने आलो."

साहेबांचा चेहरा असा उजळला! "अल्हम्दुलिल्लाह! मग बोलवा ना त्याला."

तेव्हा वाटलं, तुरुंग परवडला असता.