सल्ला कोणी दिला

अभय : पण ती वर्गात बसतेय, अभ्यास करतेय. मग विषय मोजत नाहीत म्हणजे काय?

निशिकांत : अभय, स्क्रीन बघ. याला डिग्री ऑडिट म्हणतात. अवनीच्या डिग्रीला लागणारे विषय डावीकडे, तिने या सेमिस्टरला घेतलेले उजवीकडे. जुळले ते हिरवे.

अभय : तीन हिरवे. एक करडा.

निशिकांत : करडा डिग्रीच्या बाहेरचा. फी भरणारी बर्सरी हवी तर डिग्रीतले चार विषय लागतात. तिचे तीनच भरतात.

अभय : दोन्ही स्टॅटिस्टिक्सच की रे! लागतं ते बिझनेसचं, हिने घेतलं ते समाजशास्त्राचं. सरासरी काय दोन्हीकडे वेगळी निघते?

निशिकांत : सरासरी तीच. विषयाचा कोड वेगळा.

अवनी : बाबा, सोडा ना.

अभय : काय सोडा? मार्चमध्ये बँकेने मला घरी बसवलं, तेव्हापासून तुझं कॉलेज या बर्सरीवर चाललंय. ती गेली की कॉलेज संपलं. कळतंय का? हा विषय घेतलासच कशाला?

अवनी : खरा विषय गुरुवारी दुपारी होता. गुरुवारी आईला डायलिसिसला मी नेते. तुमची गोदामात ड्यूटी असते.

अभय : मग आधी विचारायचं! बुकित पंजांगला आपल्याच बिल्डिंगमध्ये, आपल्याच मजल्यावर राहतो हा माणूस. कॉलेजात विषयांचा सल्ला देणं हेच याचं काम. रोज लिफ्टमध्ये भेटतो. तोंड शिवलं होतं तुझं?

अवनी : चुकलं.

अभय : चुकलं म्हणे! थांब, ऋतावहिनींचा फोन. आज डायलिसिसला त्या बसल्यात ना प्रणिताजवळ. बाहेर जाऊन बोलतो.

निशिकांत : पाणी देऊ, अवनी?

अवनी : नको. काका, तुम्हाला आठवतंय ना?

निशिकांत : काय?

अवनी : गणपतीची आरती झाली होती. मी प्रसादाच्या वाट्या भरत होते. दोन्ही विषयांची नावं दाखवली तुम्हाला. तुम्ही नीट बघितलंसुद्धा नाही. ‘कॅन लाह, चालतंय, घे बिनधास्त,’ म्हणालात. सगळे हसले.

निशिकांत : आठवतंय.

अवनी : दुसऱ्या दिवशी विषय बदलायची मुदत संपली.

निशिकांत : तेही आठवतंय.

अवनी : या अपिलाच्या फॉर्मवर विचारलंय, कॉलेजच्या कोणी सल्ला दिला होता का. नाव भरलं तर काय होतं?

निशिकांत : मग चूक कॉलेजची ठरते. तो विषय डिग्रीत धरतात. बर्सरी राहते.

अवनी : आणि रिकामं ठेवलं तर?

निशिकांत : तर विद्यार्थ्याची चूक. आजवर असं एकही अपील मंजूर झालेलं मी पाहिलं नाही.

अवनी : बरं.

निशिकांत : मागच्या वर्षी एका मुलाला असंच तोंडी सांगून बसलो होतो. लेखी ताकीद मिळाली. ही दुसरी होईल. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपतं, मग ते वाढवणार नाहीत; त्याबरोबर इथला वर्क पासही जाईल. मग ऋताला आणि धवलला घेऊन परत पुणे. धवलची ओ लेव्हलची परीक्षा पुढच्या वर्षी आहे.

अवनी : मी हे विचारलं नव्हतं.

निशिकांत : नाही विचारलंस.

अवनी : माझी फाइल तर सू-लिन मॅडम बघणार होत्या. ईमेल त्यांचाच आला होता. तुमच्याकडे कशी आली?

निशिकांत : मी मागून घेतली.

अवनी : त्यांनी मला पहिल्यांदा हेच विचारलं असतं. कोण म्हणालं तुला.

निशिकांत : तू नाव लिही, बाळा. मी हात धरणार नाही.

अवनी : लिहिलं तर काकू शनिवारी डायलिसिसला येतील आईबरोबर?

निशिकांत : येईल गं. तिचं-तुझ्या आईचं वेगळं आहे.

अवनी : आणि जानेवारीत? पुण्याहून येतील?

निशिकांत : बाबा आले बघ.

अभय : सुई काढल्यावर रक्त थांबेना म्हणे. वहिनी पाऊण तास दाबून बसल्या होत्या, त्यांचा ड्रेससुद्धा भरला. आता बरी आहे. प्रणिता म्हणते, ही माझी मागल्या जन्मीची बहीण. निशिकांत, तुम्ही दोघं नसता ना, तर आमचं इथे काही खरं नव्हतं.

निशिकांत : असं नको बोलूस.

अभय : का नको? खरंच आहे. फॉर्म झाला का गं? अजून कोराच?

अवनी : एक प्रश्न राहिलाय.

अभय : दाखव. ‘सल्ला कोणी दिला.’ यात काय एवढा विचार? ‘कोणी नाही’ असं लिही. सुटायला म्हणून उगाच कोणाचं नाव घालायचं नाही. बरोबर ना रे निशिकांत?

निशिकांत : हं.

अभय : हं काय? नीट सांग तिला. तुझं ऐकेल ती.

निशिकांत : रिकामं सोडलं तरी फॉर्म घेतात.

अभय : ऐकलंस? सोड रिकामं.

अवनी : सोडलं. काका, सही इथेच ना?

निशिकांत : हो. आणि बाजूला तारीख.