बेताराची तार

आमच्या अणदूरच्या काकांचं डोकं लई चालायचं, पण काकूंचं त्याहून जोरात. निजामाच्या राज्यात बाहेरच्या बातम्या ऐकायची चोरी, तरी काकांनी रेडिओ आणला; सरकारी उर्दूत त्याला 'बेतार' म्हणायचे. त्याची तार परसातल्या लिंबाच्या झाडाला बांधली, तेव्हा कुठं तो खरखरत बोलायला लागला.

एक दिवस रेडिओ चालू असतानाच जमादार दारात.

"बेतार जप्त करने का हुकूम हय!"

काका म्हणाले, "जमादारसाब, बेतार म्हंजी बिनतारेचा. ह्याला तर पार लिंबापस्तोर तार हाय!"

जमादारानं खिडकीतनं तार बघितली, डोकं खाजवलं. "बात तो सही हय," म्हणून निघालाच होता, तेवढ्यात रेडिओ गप्प झाला.

परसातनं काकू धावत आल्या, हातात तारेचं भेंडोळं.

"अहो, भिऊ नका! म्या तार काढून टाकली!"