दरडीआधीचा फोटो

आज रविवार. लग्न होऊन मुलुंडला गेल्यापासून भांडुपच्या या टेकडीवर माझं येणं कमी झालं. बरेच महिने तोंड दाखवलं नाही, माफ करा. आणि आले ती नलूमावशी गेल्यावर. बोलणं जड जातंय, सांभाळून घ्या.

मंडळी, तिला देवमाणूस म्हणायचं असं ठरवून आले होते. पण ते खरं होणार नाही. ती भांडायची. घराघरांत शिरून भांडायची, की सरकारी योजनेतला घराचा विमा काढा. हप्त्यातला मोठा वाटा सरकार भरतं, मग अडलंय कुठे?

आमच्याकडे आई अडली होती. "नलू, भरल्या घरात अभद्र बोलू नको. विमा काढला की दरड येते."

"छत्री घेतली म्हणान पाऊस पडता काय गो वैनी?"

विमा निघाला. मग मावशी फोटो काढायला आली. उभ्या घराचा, आतून-बाहेरून. आईने रागाने पाठ फिरवली. मावशी म्हणाली, "रुसलंस तरी चालात. कपाट दिसाक होया."

पुढे दरड आलीच. आम्ही सगळे आधीच शाळेत हलवलेले, म्हणून वाचलो. विम्याच्या पाहणीला आलेले साहेब चिखलाकडे बघत म्हणाले, "इथे नेमकं काय होतं?" मावशीने मोबाइल पुढे केला. भिंती, पत्रे, कपाट. आणि आईची पाठ.

त्या विम्यावर घर पुन्हा उभं राहिलं. जुन्या घराचे तेवढेच फोटो आमच्याकडे आहेत. त्यातला पाठीचा आईने नव्या भिंतीवर लावलाय. पाहुण्यांना सांगते, ती मीच.

मी स्वतःला विचारते, लोकांचे टोमणे खात मी अशी दारोदार फिरले असते का? आभार मानले तर मावशी म्हणायची, "माझे कसले? योजना आपल्याच कराच्या पैशातली आसा."

तरी आज मानते. मावशी, आई तिथे पुढे बसली आहे, रात्री स्वतःच्या छपराखाली झोपते. ते तुझ्यामुळे.

पाऊस तोंडावर आलाय. टाकीजवळच्या कांबळेवहिनी विम्याला अजून नको म्हणतात. त्यांना तयार करता करताच मावशी गेली. वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. आमची आईही तेच म्हणत होती.

आता सगळे उठूया. मावशीसाठी थोडा वेळ गप्प उभे राहूया. तिच्या आयुष्यात ती कधी गप्प बसली नाही, आपण बसू.

उद्याचं काम एकच: सकाळी कांबळेवहिनींकडे जायचं, घराचा फोटो काढायला. वहिनी, रुसलात तरी चालेल.