कचरूमामांनी वाचलेला कागद

तुम्ही कधी नेतृत्वाचं प्रशिक्षण घेतलंय का? मी घेतलंय, औरंगाबादला, सरकारी खर्चानं! वाळूजला कारखाने उभे राहत होते, विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते. लोकांशी कसं वागावं हे आम्हा तहसीलवाल्यांना शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "आता नाटक करू. तहसीलदारसाहेब मोर्चेकरी होऊन नामांतराचं निवेदन देतील. साहेब कोण होणार?"

आम्ही सगळे कारकून खाली बघायला लागलो. तेवढ्यात आमचे म्हातारे शिपाई, कचरूमामा, साहेबांचा चहा घेऊन आत आले. बाईंनी त्यांनाच खुर्चीत बसवलं.

साहेबांनी हसत हसत एक कागद पुढं केला. मामा उठून उभे राहिले, "बसा" म्हणाले, मग चष्मा लावून वाचायला लागले. बोट सरकतंय, ओठ हलतायत. चहा गार झाला तरी वाचणं संपेना. एवढं काय लिहिलंय म्हणून मी मागनं डोकावलो, तर कागद कोरा!

शेवटी साहेब वैतागले. "अरे कचरू, कोऱ्या कागदात काय वाचतोस एवढं?"

"नामांतराचं निवेदन हाय ना, साहेब? मला पाठ हाय. लई लोकांनी आणून दिलं, तुमच्या टेबलावर मीच ठेवायचो. तुम्ही कधी घडी मोडली नाय, म्हणून फायलीला लावायच्या आधी मीच वाचायचो."