भोपळा धरला तेव्हा

बाळाला लस टोचून घ्यायला दवाखान्यात आलेल्या एका नव्या आईने त्याचं कपाळ चौथ्यांदा चाचपलं. समोरच्या बाकावर रस्त्याच्या कामावरचा रोलरवाला, त्याची बायको आणि पुस्तक उघडून बसलेली मुलगी. ऐकू नये म्हणता म्हणता नव्या आईचे कान तिकडेच लागले.

“बाबा, माणूस आधी भटकायचा. मग शेती शिकला आणि एका जागी राहिला.”

“आपण अजून पहिल्याच पानावर आहोत बघ.”

“हसा तुम्ही!” बायको म्हणाली. “सोमवारी निघायचं, आणि माझ्या वेलीला आत्ता कुठे भोपळा धरलाय. मुठीएवढा.”

“अगं, पुढच्या मुक्कामी लाव की दुसरी.”

“सात मुक्कामी लावली. एकीचाही भोपळा माझ्या विळीवर आला नाही.”

“रस्ता सरकला की आपण सरकायचं. माझ्या हातात आहे का ते?”

“आई, पण सगळ्यांत आधी कोण थांबलं? धड्यात नाहीये.”

“बाईच असणार कुणीतरी. म्हणाली असेल, तुम्ही व्हा पुढे, भोपळा पिकला की येते.”

“मग गेली ती?”

“ते तुझ्या बाबांना विचार.”

तेवढ्यात नव्या आईचा नंबर पुकारला.

“तुम्ही व्हा पुढे,” ती मागच्या बाईला म्हणाली आणि बसूनच राहिली.

रोलरवाला बायकोकडे वळला.

“किती दिवस लागतात गं पिकायला?”