एअर फिल्टरमधून उडालेल्या मिरचीबाबत

नाव – मयूरी हेमकांत पटेल, वय २८ वर्षे, धंदा – घरकाम व शिवणकाम, राहणार कोरीट, ता. जि. नंदुरबार.

पोलीस ठाण्यात आपखुशीने येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती हेमकांत व सासरे भाईदास यांच्यासह राहते. पती नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे नोकरीस आहेत.

दिवाळीनंतर पतींनी सुरतेहून गाडीला बाहेरचा एअर फिल्टर बसवून आणला. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात होता, हा उघडा आहे. त्यामुळे गाडी घोरल्यासारखा आवाज करते आणि पतींना तो आवाज फार आवडतो. हौसेला मोल नसते. त्याच आठवड्यात समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पतींनी पेट्रोलचे झाकण घट्ट केले, बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा विझला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. सासऱ्यांनी विचारले तेव्हा, "बा, पेट्रोल बची ऱ्हायनं, त्यानी लाईट शे," असे पतींनी सांगितले. फिल्टरचे सांगितले नाही.

आज सकाळी आम्ही तिघे बाजाराला निघालो. गाडी आचके देऊ लागली, म्हणून धर्मेंद्र यांच्या गॅरेजवर थांबलो. त्यांनी स्कॅनर लावला. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा दोष निघाला. त्यांनी पाइपचा क्लॅम्प पाहिला, सेन्सरची पिन पाहिली, दोन्ही ठीक होते. सेन्सर काढला तर आतली तार लालसर दिसली. "गाडी कोठे उभी करतस तुम्ही?" असे त्यांनी विचारले. पती म्हणाले, "पथारीजोडे." पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालतात ते मैदान.

मग धर्मेंद्र यांनी फिल्टर काढून त्यावर हवेचा पाइप मारला. पतींची सगळी हौस लाल धुरळा होऊन बाहेर आली. सासरे समोरच खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. ते डोळे धरून ओरडले, "डोयामा मिरची फेकी! लुटारू शे, धरा!" लोक धावले. धर्मेंद्र यांची कॉलर धरून, चापट्या मारत त्यांना येथे आणले. पिशवीत भरिताची वांगी होती. ती कोणी मागितलीही नाहीत.

सगळ्यात जास्त मिरची धर्मेंद्र यांच्याच डोळ्यांत गेली आहे. साहेबांनी पाहावे. लुटारू स्वतःच्या डोळ्यांत मिरची फेकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

खरे काय ते पती सांगू शकतात, पण मग फिल्टरही सांगावा लागेल. ते चहा आणायला गेले आहेत. बराच वेळ झाला. सासरे भर बाजारात ओरडले आहेत, आता तक्रार मागे घेतली तर लोक हसतील असे त्यांना वाटते. लोक हसतील आणि विसरतील. धर्मेंद्र यांच्यावर लुटीचा शिक्का बसला तर त्यांच्या हातात पुन्हा कोणी गाडीची चावी देणार नाही. मला या गोष्टीचा राग आला आहे, तसे लिहावे.

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर बोलत नाही. लग्न झाल्यापासून मीही बोललेले नाही. सासरे दाराजवळच्या बाकावर बसले आहेत. हवालदार धनसिंग मला हा जबाब वाचून दाखवणारच आहेत. तो त्यांनी जरा मोठ्याने वाचावा, एवढी विनंती आहे.

पुरवणी : जबाब मोठ्याने वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. वाचन वांग्यांपर्यंत आले तेव्हा सासरे उठून धर्मेंद्र यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चाल भो, आपन दोन्ही डोया धुई लेऊत. मन्ही काही तक्रार नई." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "पोर, तुन्हा नवरा कोठे शे?"

मी त्यांना थेट उत्तर दिले, "टपरीमांगे लपी बसेल शे, बा."

हेही लिहून घेतले, वाचले, खरे आहे.