येनचं भाषांतर

लीड्सच्या हॉस्पिटलात आजीला फिजिओसाठी मीच घेऊन गेले, एकटी, बसनं! वेटिंग रूममध्ये शेजारी चिनी बहीणभाऊ इंग्लिशमध्ये भांडत होते.

“आईची स्पीच थेरपी बंद? येन, आत्ताच तर स्ट्रोक आलाय तिला!” भाऊ बहिणीवर ओरडला.

“थेरपिस्ट म्हणाली, बोलणं छान सुधारलंय.”

“थेरपिस्टला मँडरिन कुठे कळतं? मलाही येत नाही. तू सांगशील तेच खरं. आई नक्की काय म्हणाली?”

“‘चमचा पाऊस, चमचा.’”

“आणि तू काय सांगितलंस?”

“‘सकाळी मी चहा केला.’”

“येन!”

“आयुष्यभर शाळेत शिकवलंय तिनं. परक्या बाईसमोर तिला वेडी ठरवू?”

“आत जा. खरं सांग.”

तेवढ्यात त्यांची आई बाहेर आली. येनचा हात धरून मँडरिनमध्ये काहीतरी बोलली.

“काय म्हणतेय?”

येननं भावाकडे न बघता आईचा कोट सारखा केला.

“म्हणतेय, चला घरी.”